भरल्या पंगतीतले रिकामे पाट

संत नामदेवांच्या बालपणीची ती कथा मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? वडील दामाशेटी परगावी गेलेले. विठ्ठलाला नैवेद्य दाखवण्याचे काम लहानग्या नामदेवाकडे आले. मोठी माणसे नैवेद्य दाखवतात म्हणजे ताट देवापुढे ठेवतात, भोवती पाणी फिरवतात, हात जोडतात आणि ताट परत उचलतात. हा मुलगा ताट ठेवून समोर बसूनच राहिला. देवापुढे अन्न ठेवले आहे, तेव्हा देव जेवणार, आणि तो जेवेपर्यंत आपण उठायचे नाही, इतकेच त्याला कळत होते. देव जेवेना तसा त्याने हट्ट धरला, रडला, डोके आपटून घ्यायला निघाला. आणि कथा सांगते की देव जेवला. भाविकांना या कथेत भोळ्या भक्तीचे सामर्थ्य दिसते आणि ते योग्यच आहे. आम्हाला मात्र तिच्यात जेवणाच्या रीतीभातीचा एक मूळ नियमही दिसत आला आहे. ज्याला जेवायला बोलावले, त्याच्यासाठी थांबायचे आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायचे. बाकी सारे शिष्टाचार, मग ते पाटरांगोळीचे असोत की काट्याचमच्यांचे, या एका नियमाचे अलंकार होत.

गेल्या वर्षी नरसी नामदेवला जाण्याचा योग आला. आमचे वास्तव्य वसईकडे, समुद्राच्या काठी. मराठवाड्याचे आम्हाला दर्शन ते केवळ पुस्तकांतून. हिंगोलीला आमचे एक जुने शिक्षकमित्र राहतात. त्यांनी फार आग्रह केला म्हणून आम्ही उभयता निघालो. पूर्णेला गाडी बदलून अकोल्याच्या लोहमार्गाने हिंगोली गाठली. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेला हा भाग १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. कयाधू नदीच्या काठचे नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. नामदेवांचा जन्म १२७० सालचा. शिंप्याच्या घरी जन्मलेला हा पुरुष पंढरपुरी वाढला, पुढे तीर्थे हिंडत पंजाबपर्यंत पोहोचला, आणि त्याची एकसष्ट पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. त्यामुळे नरसीला वारकऱ्यांबरोबर शीख यात्रेकरूही येतात. पंजाबातील घुमान या गावाशी नामदेवांचे नाव जोडलेले आहे, म्हणूनच २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते, हे वाचकांना स्मरत असेल. आषाढी एकादशीला पंढरपूर झाले की त्यानंतरच्या वद्य एकादशीला नरसीला परतवारी भरते आणि हे लहानसे गाव माणसांनी फुलून जाते. आम्ही गेलो तेव्हा यात्रेचे दिवस नव्हते. मंदिरात शांतता होती आणि नदीच्या पात्रात पाणी बेताचेच होते.

आमच्या मित्रांनी तेथे एका शब्दाकडे आमचे लक्ष वेधले. तो शब्द ‘पंगत’. मराठीत पंगत म्हणजे एका ओळीत मांडलेली पाने. शीख परंपरेतही हाच शब्द आहे, आणि ‘संगत’ व ‘पंगत’ ही जोडी तेथे फार मानाची आहे. एकत्र भजन आणि एकत्र भोजन, राजा असो वा रंक, बैठक जमिनीवरच. नरसीहून जवळच असलेल्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात हा लंगर अखंड चालतो. वारकऱ्यांकडे सप्ताहाची सांगता काल्याने होते. तेथेही सर्वांचे अन्न एकत्र कालवून सर्वांनी खायचे असते. ज्या काळी कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे याचे कडक निर्बंध होते आणि त्या निर्बंधांनी माणसे दुखावली जात होती, त्या काळी पंगतीचा हा असा अर्थ लावणारी माणसे या मातीत होऊन गेली. एका पंक्तीला बसणे ही लहान गोष्ट नव्हती. तिच्यासाठी माणसे भांडली, बहिष्कृत झाली.

हे सारे मनात घोळत असतानाच परतीच्या वाटेवर आम्ही रस्त्याकडेच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, आत तव्यावर भाकरी थापण्याचा आवाज. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, कांदा असा साधा बेत फळ्यावर खडूने लिहिलेला होता. पाणी घेऊन आलेला पोरगा मोठा चुणचुणीत होता. ‘गर्दी कशी असते रे?’ असे आम्ही सहज विचारले, तर म्हणाला, “गर्दी लई असते काका. पण आजकाल गिऱ्हाईक आल्या आल्या पाणी मागत न्हाई, चार्जरची पिन कुठं हाय ते इचारतंय.”

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसले होते. कपाळावरच्या बुक्क्यावरून तेही नरसीहूनच आलेले दिसत होते. फेटा बांधलेले एक आजोबा, त्यांचा मुलगा व सून, आणि तीन नातवंडे. भाकरी यायला वेळ होता. आजोबांना नरसीने काहीतरी आठवून दिले असावे. ते म्हणाले, “आमी पायी यायचो तवा…” आणि थांबले. मुलगा मान खाली घालून बोटाने काहीतरी वरवर सरकवीत होता. सुनेच्या फोनमधून कोणीतरी हसत होते. मोठ्या नातीने “हं” म्हटले, पण तो हुंकार आजोबांसाठी होता की फोनमधल्या कोणासाठी, हे सांगणे कठीण होते. आजोबांनी पुन्हा एकदा सुरुवात केली. पुन्हा थांबले. मग त्यांनी खुर्ची थोडी वळवली आणि जी गोष्ट त्यांना नातवंडांना सांगायची होती ती त्यांनी आम्हाला, दोन अनोळखी माणसांना, सांगितली.

गोष्ट अशी. ते आठदहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर परतवारीला पायी येत. प्रत्येकाच्या खांद्यावर भाकरीचे गाठोडे. कयाधूच्या वाळूत सारे टेकले की एक धोतर अंथरायचे आणि सर्वांनी आपापली गाठोडी त्याच्यावर सोडायची. मग ज्याच्या हाताला जी भाकरी येईल ती त्याने घ्यायची. “आपली भाकर आपुन खायाची न्हाई, आसा नेम व्हता,” आजोबा म्हणाले. “एकदा माझ्या हाताला अशी भाकर आली, निस्ती कन्यांची, वाळून खडंग झालेली. मी तोंड वाकडं केलं. बापानं माझ्याकडं निस्तं बघितलं. बोलला न्हाई. ज्याची भाकर व्हती तो समोरच बसला व्हता.” एवढे सांगून ते बराच वेळ हसले, पण हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

आम्ही हिंगोलीला परतलो तरी ते “बघितलं” मनातून जाईना. एका बापाने मुलाकडे पाहिले आणि त्या एका दृष्टिक्षेपात दुसऱ्याच्या गरिबीचा मान कसा राखावा याचे शिक्षण झाले. तो धडा साठसत्तर वर्षे टिकला. त्या शिक्षणाला फी पडली नाही, शब्दही लागला नाही. त्यासाठी दोन गोष्टी मात्र आवश्यक होत्या. बापाची नजर मुलाकडे असली पाहिजे आणि मुलाला ती नजर दिसली पाहिजे. आज त्या टेबलावर या दोन्ही गोष्टी नव्हत्या. आजोबांजवळ गोष्ट होती, समोर तिचे वारस होते, आणि तरी ती गोष्ट आमच्यासारख्या वाटसरूंच्या पदरात पडली. भरल्या पंगतीत पाट रिकामे असल्याचा हा प्रकार आम्हाला फार बेचैन करून गेला.

या बदलाला फार काळ लोटलेला नाही. भारतातला पहिला मोबाईल दूरध्वनी ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा ते यंत्र श्रीमंतांचा दागिना होता. २००७ नंतर काचेच्या पडद्याचे फोन आले आणि २०१६ साली इंटरनेट इतके स्वस्त झाले की खेड्यातल्या पारावरही चित्रे हलू लागली. त्याच वर्षी यूपीआयची सोय सुरू झाली आणि पाकीट फोनात गेले. २०२० च्या महामारीत हाताळलेल्या मेनूकार्डाची भीती वाटू लागली, तेव्हा शहरांतील उपाहारगृहांनी टेबलावर चौकटीचौकटींचे एक चित्र चिकटवले. त्याचा फोटो घेतला की पदार्थांची यादी फोनात उमटते. म्हणजे यादी फोनात, पैसे फोनात, आणि जेवणाचे कौतुकही फोनात. अशा वेळी ‘फोन टेबलावर नको’ असे नुसते म्हणून कसे भागेल? ज्याला आपण उंबऱ्याबाहेर ठेवू पाहतो, त्यालाच उपाहारगृहाने दरवाजा उघडायला बसवले आहे.

शिवाय जेवणात व्यत्यय आणणारा हा पहिलाच पाहुणा नव्हे. आमच्या लहानपणी न्याहारीच्या वेळी वडीलधाऱ्यांच्या तोंडासमोर वर्तमानपत्राची भिंत असे. मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे पंधरा वर्षांनी रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा किती घरांत ताटे हातात घेऊन माणसे पडद्याकडे तोंड करून बसत, हे आम्ही पाहिले आहे. मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलात गिऱ्हाइकांनी काय करू नये याच्या सूचनांच्या पाट्या लागत. कवी निसिम एझिकेल यांनी तसल्याच सूचनांची एक इंग्रजी कविता केली आहे. पाट्या लावाव्या लागत, याचाच अर्थ माणसे तेव्हाही उपाहारगृहात बसून नको ते उद्योग करीत. मागच्या पिढीने पुढच्या पिढीच्या जेवण्याला नावे ठेवावीत, ही रीतही जुनीच. पाटावरून टेबलखुर्चीवर आलेल्यांनाही कोणीतरी नावे ठेवलीच होती.

मग फोनचेच दुःख एवढे का मानावे? कोणी म्हणेल, जेवताना फार बोलू नये, हे तर आपल्याकडेच सांगितले आहे. फोनमुळे घरे शांत झाली, बिघडले कुठे? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण शांतपणे जेवण्याची परंपरा खरोखरच मोठी आहे. मौनभोजनाचे व्रत हिंदू घरांतून पाळले जाई. ख्रिस्ती मठवासीयांत तर तो नियमच होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या अडतिसाव्या प्रकरणात भोजनगृहाची शिस्त सांगितली आहे. जेवताना एका बंधूने वाचन करावे, इतरांनी पूर्ण मौन पाळावे, कुजबुजही नको. मात्र त्याच्या जोडीला एक फार सुंदर अपेक्षा त्यांनी नोंदली आहे. बंधूंनी एकमेकांना काय हवे-नको ते असे पाहावे की कोणालाही काही मागावे लागू नये.

येथे आम्हाला उत्तर सापडले. मठातला बंधू बोलत नाही, पण शेजाऱ्याच्या पेल्यातले पाणी संपले हे त्याला दिसते. त्याच्या मौनात शेजाऱ्याला जागा आहे. वाचन चालले आहे ते एकच, सर्वांच्या कानांवर पडणारे. दूरदर्शनचेही, त्याचे सारे दोष धरून, एवढे मात्र खरे होते की चित्र एकच असे. सीतेचे दुःख पाहून आजी आणि नात एकाच क्षणी डोळे पुसत आणि जाहिरात लागली की त्यावर बोलत. फोनच्या पडद्यात दुसऱ्याला डोकावता येत नाही. सहा माणसे सहा गावांना गेलेली असतात आणि त्यांची शरीरे तेवढी भाकरी चावीत बसलेली असतात. टेबलावरची शांतता तीच दिसते, परंतु एक मौन आहे आणि दुसरी गैरहजेरी.

पंगतीतल्या जुन्या रीती आठवल्या की असे दिसते, त्यांतील बहुतेक सगळ्या या गैरहजेरीविरुद्ध योजलेल्या होत्या. सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. वाढपी आग्रह करणार, जेवणारा पानावर हात आडवा धरणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिल्याशिवाय हा खेळ होतच नाही. सावकाश जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे पान आवरेपर्यंत बाकीच्यांनी बसून राहायचे. आमच्या वसईकडे लग्नाच्या मांडवातही वडीलधाऱ्यांनी हात धुतल्याशिवाय उठणे असभ्य मानले जाई. या साऱ्यांत समान काय आहे? थांबणे. उपाहारगृहात पदार्थ सांगितल्यापासून तो समोर येईपर्यंतची जी पंधरावीस मिनिटे असतात, तो तर थांबण्याचाच काळ. पूर्वी तो बोलण्याने भरला जाई. कित्येक सोयरिकी, कित्येक समेट, कित्येक नियतकालिकांच्या योजना त्या पंधरा मिनिटांत ठरल्या. फोनने नेमका हाच काळ गिळला. कंटाळा आला की माणूस शेजाऱ्याशी बोलत असे. आता कंटाळाच येत नाही.

समोरच्या माणसाला डावलून फोनकडे पाहत राहण्याच्या या सवयीला २०१२ साली ऑस्ट्रेलियात ‘फबिंग’ असे नावही पाडण्यात आले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी याची रीतसर पाहणी केली. तीनशेहून अधिक माणसांना त्यांनी मित्रांसोबत वा कुटुंबीयांसोबत एका कॅफेत जेवायला बसवले. काहींना फोन टेबलावर ठेवण्यास सांगितले, काहींना तो दूर ठेवण्यास. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की फोन जवळ असलेल्यांचे चित्त अधिक विचलित झाले आणि त्यांना त्या भेटीत आनंदही कमी वाटला. फरक प्रचंड नव्हता, पण होता. आमच्या मनाला यातली एक गोष्ट फार लागली. ही माणसे एकमेकांना कंटाळलेली नव्हती. स्वतःच्या आवडीच्या माणसांसोबत बसली होती. तरीही त्यांचा आनंद थोडा गळून गेला. वाटीला तडा असला की ताक जसे हळूहळू झिरपते, तसे.

मुलांच्या बाबतीत तर हा तडा अधिक मोठा आहे. लेकराला कडेवर घेऊन, अंगणात फिरवीत, चिऊचा एक आणि काऊचा एक असे घास भरवण्याची आपली जुनी पद्धत नुसती गंमत नव्हती. त्या घासांबरोबर मुलाला अंगण कळे, पाखरे कळत, मामाचे नि आत्याचे नाव कळे. आपल्या वाट्याचे अन्न इतरांच्या नावाने खायचे असते हेही कळे. आज कोणत्याही उपाहारगृहात पाहावे, मुलासमोर फोन उभा केलेला असतो आणि मूल पडद्यावरची नजर न काढता तोंड उघडते. भरवणारा हात आईचा की आणखी कोणाचा, हे पाहण्याची त्याला गरज उरलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालील बाळांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही म्हणणे असेच आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, असे सांगताना त्यांनी एकच अपवाद ठेवला आहे. दूरच्या नातलगांशी अधूनमधून चित्रफोनवर होणारे बोलणे तेवढे चालेल.

हा अपवाद वाचून आम्हाला आमच्याच घरचे टेबल आठवले. आमचा मुलगा कॅनडात असतो. रविवारी रात्री आम्ही जेवायला बसतो तेव्हा तिकडे सकाळ असते आणि ती मंडळी न्याहारीला बसलेली असतात. पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा करतात, आणि चार वर्षांचा नातू आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत जेवणाआधीची प्रार्थना सांगतो. आम्ही ‘आमेन’ म्हणतो. आज तुमच्याकडे कोणती मासळी, असे तो नेमाने विचारतो आणि वाडगे पडद्याजवळ नेऊन दाखवल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. दहा मिनिटांनी निरोप होतो आणि फोन फडताळावर जातो. तेच यंत्र त्या हॉटेलातल्या आजोबांच्या नातवंडांना त्यांच्यापासून दूर नेत होते, आणि आमच्या नातवाला हजारो मैलांवरून आमच्या पंगतीला आणून बसवत होते. तेव्हा यंत्राला शिव्या देण्यात अर्थ नाही. आपण फक्त एक मोजणी करावी. या फोनामुळे आपल्या पंगतीत एक माणूस वाढला, की एक कमी झाला?

त्याच हॉटेलात आम्ही आणखी एक दृश्य पाहिले होते, ते सांगितले नाही तर त्या मुलखावर अन्याय होईल. एक शेतकरी गृहस्थ मित्रांसोबत जेवत होते. फोन वाजला. त्यांनी पानातल्या भाकरीवर वाटी झाकली, सोबत्यांना “आलोच” म्हणाले, हात पुसून बाहेर गेले, आणि अर्ध्या मिनिटात परत आले. “लाईट आली. मोटार चालू केली,” एवढेच बोलून त्यांनी वाटी काढली आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली. मराठवाड्यात विजेची वेळ आणि विहिरीचे पाणी यांवर पीक अवलंबून असते. शेतातला पंप आता फोनवरून चालू करता येतो, आणि तो फोन न घेणे त्यांना परवडणारे नव्हते. परंतु त्यांनी परवानगी घेतली, बाजूला गेले आणि परत आले, म्हणजे अंगाने आणि मनानेही परत आले. नव्या काळाचा शिष्टाचार कोणी पुस्तकात लिहिण्याआधीच त्यांनी तो आचरून दाखवला.

समाज म्हणूनही काही ठिकाणी प्रयत्न झाले आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरांत टीव्ही व मोबाईल बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. या दोन वाटांपैकी आम्हाला वडगावची वाट अधिक जवळची वाटते. बंदी फक्त मुलांना घातली की मुले मोठ्यांच्या हातांकडे पाहतात. भोंगा मात्र आजोबा, बाप आणि मुलगा या तिघांनाही एकाच वेळी फोन खाली ठेवायला सांगतो.

वसईकरांना तर सातचा तो भोंगा परका वाटायचे कारण नाही. आमच्या लहानपणी संध्याकाळी देवळाची घंटा झाली की वाडीतल्या विहिरीवरचे माणूसही हातातला दोर थांबवून उभे राही. घरी कंदिलाभोवती रोझरी होई, लहानांनी थोरांचे आशीर्वाद घ्यायचे, आणि मग पाने मांडली जायची. त्या क्रमात जेवणाला आपोआप उंबरा मिळाला होता. तो ओलांडला की दिवसाचे काम बाहेर राही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये कुटुंबाच्या सहभोजनावर बोलताना असा इशारा दिला होता की जे कुटुंब एकत्र जेवत नाही, किंवा जेवताना बोलण्याऐवजी टीव्ही वा फोन पाहते, त्याला कुटुंब म्हणणे अवघड आहे. २०१९ च्या पवित्र कुटुंबाच्या सणालाही ते पुन्हा याच विषयावर बोलले. हे शब्द कठोर वाटतील. पण ज्या घरात एखादे वृद्ध माणूस अर्धे वाक्य बोलून थांबते, त्या घरात ते तपासून पाहावेत.

नव्या रीती घालून द्यायच्या तर त्या थोड्या आणि पाळता येण्याजोग्या असाव्यात. यादी पाहायला फोन लागला, पाहावा. पदार्थ सांगून झाले की खिशात ठेवावा. डॉक्टर, चालक, घरी आजारी माणूस असलेला, विजेची वाट पाहणारा, अशांनी बसतानाच सांगावे की आपल्याला फोन येण्याचा संभव आहे; मग तो घेतल्याचा राग कोणाला येत नाही. ताटाचा फोटो काढायचाच तर एकदा काढावा, आणि भाकरी गरम आहे तोवर जेवावे. थापणारीच्या श्रमांचा तेवढा मान ठेवावा. वाढणारा पोरगा टेबलाशी आला की वर पाहून त्याच्याशी बोलावे. त्याला “काय आहे?” असे मान खाली घालून विचारणे हा उद्धटपणा आपल्या आजोबांनी सहन केला नसता. आणि लेकराला भरवताना त्याच्यासमोर आपला चेहरा असावा. यासाठी पाट्यांची गरज नाही. घरातल्या मोठ्या माणसाने आधी आपला फोन दूर ठेवला की पाटीचे काम होते.

संत लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांची हकिकत आहे. पुनरुत्थित प्रभू त्यांच्याबरोबर कितीतरी वाट चालला, बोलला, त्याने शास्त्र उलगडून सांगितले; तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. संध्याकाळ झाली, त्यांनी त्याला आग्रहाने थांबवून घेतले, तो पानावर बसला, त्याने भाकर घेऊन मोडली, आणि तेव्हा त्यांचे डोळे उघडले. ती भाकर मोडणारे हात ते पाहत होते म्हणून हे घडले. आपल्याही घरात रोज कोणीतरी भाकर मोडून आपल्यापुढे ठेवत असते. येत्या सणाला मुले, सुना, नातवंडे एकत्र जमतील, पाने मांडली जातील, तेव्हा घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला त्याच्या लहानपणच्या एखाद्या जेवणाविषयी विचारावे आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे.